चित्रावर ठेवलेला हात

सुरतेहून परत आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात, साडी कोणती आणली आणि घारी आणली का. साडी मी आणली नाही. घारी, म्हणजे वर तुपाचा थर दिलेली तिथली मिठाई, आणली होती, ती आल्या आल्या शेजारच्या पाटीलबाईंच्या हवाली केली, कारण तो डबा मला घरात नको होता. दोष तुपाचा नव्हता, ते पुढे येईलच. ज्यांनी सुरत पाहिली नाही आणि ज्यांच्या घरात माझी पुस्तकं आहेत म्हणून ज्यांना माझ्याविषयी बरं वाटतं, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हे लिहिते आहे. पहिल्यांना शहर थोडंफार कळेल. दुसऱ्यांचं मत बदलेल, त्याला माझा इलाज नाही.

मी मेहकरची. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, शाळा सुटल्यावर साक्षरतेचे वर्ग घेतले, आणि मुलांसाठी सतरा पुस्तकं लिहिली. सतरापैकी एकच लोकांच्या लक्षात आहे, 'म्हशीची छत्री'. बाकीच्या सोळांची नावं माझ्या धाकट्या भावालाही सांगता येणार नाहीत. 'म्हशीची छत्री'च्या मागच्या पानावर दुसऱ्या आवृत्तीपासून एक फोटो आहे. नऊ वर्षांची, केसांना लाल रिबीन बांधलेली एक मुलगी तेच पुस्तक उघडून मोठ्यानं वाचते आहे. ती सविता. आमच्या वाडीवरच्या वर्गातली, माझ्या हाताखाली वाचायला शिकलेली पहिली मुलगी. प्रत्येक सत्कारात मी तिची गोष्ट सांगत आले. ती सांगितली की टाळ्या हमखास पडतात.

तीच सविता आता सुरतेत होती. नवरा भेस्तानला यंत्रमागावर, आणि ती एका खोलीत आपल्याकडच्या मजुरांच्या मुलांना मराठी वाचायला शिकवत होती. सुरतेच्या एका मराठी मंडळानं बालसाहित्याचा कार्यक्रम ठरवला, मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, आणि सविताच्या वर्गातली मुलगी व्यासपीठावर माझं पुस्तक वाचून दाखवेल असं पत्रिकेत छापलं. पत्रिका बघून मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. चढवलं कुणी नव्हतं, माझी मीच चढले.

उधना, शुक्रवार

गाडीचं काय सांगायचं, गाडीसारखी गाडी होती. उधना स्टेशनवर मंडळाचे चिटणीस दाणी घ्यायला आले होते. बँकेतून निवृत्त, चाळीस वर्षं सुरतेत, मूळचे अमरावतीचे. बोलतात शुद्ध मराठी, पण रिक्षावाल्याशी, फळवाल्याशी आणि स्वतःच्या नातवाशी गुजराती. नातवाला मी माझं पुस्तक दिलं. त्यानं "थँक्यू आंटी" म्हणून ते उलटं धरून पाहिलं आणि टीव्हीच्या खाली ठेवलं.

नुकतीच उत्तरायण होऊन गेली होती. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि हळदीकुंकू, इथे नुसते पतंग. झाडांवर, तारांवर, उड्डाणपुलांच्या कठड्यांवर फाटके पतंग लोंबत होते, आणि दुचाकीवाले अजून गळ्याला मफलर गुंडाळून हिंडत होते, मांज्याच्या भीतीनं. पूल मात्र या शहरात अमाप. एका पुलावरून उतरावं तो दुसरा चढायचा.

संध्याकाळी दाणी मला तापीकाठी पोंक खायला घेऊन गेले. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. पण आपल्याकडे हुरडा शेतात, गोवरीच्या आगटीपाशी मांडी घालून, तळहातावर चोळून फुंकर मारून खायचा. इथे त्याचे रांगेनं तंबू, कागदाच्या थाळ्या, वर लिंबू-मिऱ्याची शेव, जोडीला वडे. चवीला झकास, खोटं कशाला बोलू. मी दोन थाळ्या खाल्ल्या आणि दाणींना म्हटलं, "आमच्याकडे हे विकत नाहीत, पाहुण्याला बोलावतात." दाणी म्हणाले, "बाई, इथे पाहुण्यालाच विकतात," आणि मोठ्यानं हसले. मग त्यांनी उद्याचा बेत सांगितला. सकाळी भेस्तानला वर्ग बघायचा, रविवारी अडाजणला कार्यक्रम. जाता जाता हेही सांगितलं, की भेस्तानच्या खोलीचं भाडं कतारगामच्या एका धर्मादाय ट्रस्टकडून येतं. ट्रस्टच्या हंसाबेन रविवारी येणार आहेत, आणि मुलांची प्रगती बघून वर्ग चालू ठेवायचा की त्या खोलीत शिलाई मशिनं टाकायची, ते ठरवणार आहेत. मी म्हटलं, "मग काळजी नको. सविता माझी विद्यार्थिनी आहे."

भेस्तान, शनिवार

भेस्तान कानांनी आधी कळतं. रिक्षा गल्लीत वळली आणि खडखडाट सुरू झाला, तो पुन्हा मुख्य रस्त्याला लागेपर्यंत थांबला नाही. मागांच्या शेडला इथे खातं म्हणतात. एका भिंतीला चिकटून दुसरं खातं, त्यांच्या वर खोल्या, खोल्यांत माणसं. सविताच्या वर्गातली फरशीसुद्धा थरथरत होती. मुलांना त्याचं काही नाही, ती त्या आवाजावर आवाज चढवून बोलतात. गल्लीत बायका दारात बसून साड्यांना चमकीच्या टिक्क्या चिकटवत होत्या, लांबच्या लांब साडी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर सरकवत. कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेंपो आला की सगळ्याजणी पाय आखडून घेत आणि तो गेला की पुन्हा पसरत.

सवितानं पायाला हात लावला आणि उठताना डोळे पुसले. चाळिशीला आली आहे, अंगानं भरली आहे, पण हसताना तीच नऊ वर्षांची. मीही तिला जवळ घेतलं. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, खरंच वाटलं.

मुलं अठरा-वीस. मेहकर, लोणार, हिंगोली, परभणी इकडची. एकमेकांशी हिंदीत बोलत होती. एकीनं मला विचारलं, "आंटी, ये भैंस आपने बनाई क्या?" मी म्हटलं, चित्र दुसऱ्यानं काढलं, म्हैस माझी. ती म्हणाली, "घर पे है?" सगळे हसले.

मग सवितानं दिव्याला उभं केलं. रविवारी वाचणार होती ती हीच. नऊ-दहा वर्षांची, बारीक, मोठ्या कानांची. तिची आई मंगल दारात येऊन उभी राहिली, हाताला टिक्क्यांचा गोंद तसाच. दिव्यानं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि खणखणीत सुरू झाली:

म्हैस निघाली बाजारी,
छत्री घेतली भाड्यानं,
शिंगात अडकली काडी तिची,
धरून ओढली गाड्यानं.

सोळा पानं, एकदाही न अडखळता. मंगलच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! पण माझं लक्ष मंगलकडे नव्हतं, बोटाकडे होतं. शिकणाऱ्या मुलाचं बोट थांबतं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं. दिव्याचं बोट कागदावर नुसतं घसरत होतं. चौथ्या पानावरच्या ओळी ती तिसरं पान उघडं असतानाच म्हणून गेली आणि मग घाईनं पान उलटलं. पुस्तक पाठ होतं.

मुलं गेल्यावर सवितानं चहा केला आणि तिनंच विषय काढला.

"मॅडम, तुमी ओळखलं न?"

"पान उलटायला चुकली ती."

"दिवाळीनंतर आली हो ते पोरगी. दोन महिने झाले फक्त. पंचवीसेक अक्षरं येतात तिले, काना-मात्रा आता आता लागल्या. लई हुशार आहे. पण पुरं पुस्तक कुठून वाचीन?"

"मग चार ओळी वाचू द्यायच्या होत्यास."

"हंसाबेननं सांगतलं, पुरं पुस्तक पाह्यजे. मंडळवाल्यांनी छापून टाकलं. मी काय करू? इथं लेकरं टिकतात कुठं? दिवाळीले गावाकडं गेले का दीड-दोन महिने येत नाई. आले का बाप दुसऱ्या खात्यात लागलेला, खोली बदलेल. हे हंसाबेनले सांगून समजत नाई. त्यायले रिझल पाह्यजे." तिनं कप खाली ठेवला. "मॅडम, एक मागू? उद्या तिच्या चित्रावर हात नका ठेवू."

इथे सांगायला हवं. मूल खरंच वाचतंय का, हे बघायचं तर मी पुस्तकातल्या चित्रावर तळहात ठेवते. चित्र झाकलं की अंदाज बंद, आठवण बंद, उरतं ते अक्षर. साक्षरतेच्या वर्गात आयुष्य घालवलेल्या बाईला याची इतकी सवय होते की दुकानातल्या पाटीसमोरही हात उचलावासा वाटतो.

मी म्हटलं, "तुला आठवतं ते अजून?"

ती हसली. "आठवनार नाई? सगळ्यायवर ठेवायच्या तुमी हात. माह्यावर तेवढा नाई ठेवला. फोटोवाला आलता न त्या दिवशी, तो म्हने चित्र दिसलं पाह्यजे. म्हनून वाचली मी!"

"म्हणजे?"

"मले कुठं येत होतं मॅडम तवा. वर्गातली शेवंताक्का वाचायची, मी आयकायची. पाठ होतं सगळं. 'म' कोणता अन् 'भ' कोणता हे बी समजत नव्हतं."

ती हे लाजून किंवा चोरून सांगत नव्हती. जुनी गंमत सांगावी तसं सांगत होती, आणि वर मला चहा ओतत होती.

"मग वाचायला कधी शिकलीस?"

"इथं आल्यावर. बाजूच्या जयाबेननं गुजराती शिकवलं, गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या वाचाले. मंग पोरीच्या पुस्तकावरून मराठी. पन मॅडम, त्या दिवशी टाळ्या पडल्या न, तवा मले वाटलं का आपल्याले येते. येत नव्हतं, पन वाटलं. त्याच्या भरवशावरच मंग शिकली. म्हनून म्हनते, दिव्याले उद्या टाळ्या पडू द्या. अक्षरं येतील मागून."

ती बरोबर बोलत होती. वाचायचं नाटक करता करता मूल वाचायला लागतं, हे मी स्वतः शिक्षकांच्या शिबिरांत सांगितलेलं आहे. पण त्या वेळी मला एवढंच ऐकू येत होतं, की माझी पहिली विद्यार्थिनी माझी नव्हती. जयाबेनची होती, साड्यांच्या चिठ्ठ्यांची होती. मागच्या पानावरचा फोटो खोटा होता आणि मी तो गावोगाव नाचवत होते.

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. "काळजी करू नकोस, हात ठेवणार नाही."

ती पुन्हा पाया पडायला वाकली. चहा फार गोड होता, तिकडे तसाच करतात.

अडाजण, रविवार

सकाळी दाणींकडे लोचो होता. वाफवलेल्या डाळीच्या पिठाचा तो लगदा, वर तेल, शेव, कांदा. आमच्याकडे ढोकळा असा बिघडला तर सून बोलणी खाते, इथे लोक त्यासाठी रांगा लावतात. मी बशी अर्ध्यात बाजूला ठेवली. दाणीबाईंना वाटलं, तिखट लागला.

सभागृह भरलेलं. पुढे मंडळाचे सभासद, बँक, शाळा, विमा कंपनी यांतले लोक, रेशमी साड्या, जाकिटं. मागे उजवीकडे भेस्तानची मंडळी, सतरंजीवर. पाचव्या रांगेत जागा असूनही ती तिथे बसली नव्हती, आणि कुणी बसा म्हटलंही नव्हतं. मंगल नवी साडी नेसून आली होती. पहिल्या रांगेत हंसाबेन, पांढरी साडी, हातात छोटी डायरी. प्रत्येक वक्त्यानं सुरतेच्या लुटीचा तोच विनोद केला आणि प्रत्येक वेळी लोक नव्यानं हसले.

मग दाणींनी माझा परिचय वाचला. मीच लिहून पाठवलेला होता. वाडीवरचा वर्ग, लाल रिबीन, पहिल्यांदा पुस्तक वाचणारी सविता. "आणि ती सविता आज या सभागृहात आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सविताला उभं केलं. ती उभी राहिली, माझ्याकडे बघून हसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. तिचं ते हसू सरळ होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, ही मला हसते आहे.

दिव्या आली. माइक मी धरला, कारण तिचे दोन्ही हात पुस्तकाला हवे होते. तिनं सुरू केलं. पहिलं पान, दुसरं पान. लोक कौतुकानं माना हलवत होते. हंसाबेन डायरीत काहीतरी लिहीत होत्या. सहाव्या पानावर, जिथे म्हैस छत्री घेऊन ओढ्यात उतरते तिथे, मी दुसरा हात पुढे केला आणि म्हशीवर ठेवला.

हात सवयीनं गेला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. दाणींना, हंसाबेनना, सवितालाही. इथे खरं लिहिते. सवय नव्हती. आदल्या दिवशी त्या खोलीत जे माझ्याकडून हिसकावलं गेलं, ते मला कुणाकडून तरी परत घ्यायचं होतं, आणि समोर ती नऊ वर्षांची मुलगी होती.

दिव्या थांबली. माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, हात चुकून आला असं समजून ती तो बाजूला होण्याची वाट बघत होती. मी हलवला नाही. मग पाठ केलेल्या मुलाला मध्येच तोडलं की ते जे करतं तेच तिनं केलं. सहावं पान उघडं, आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, "म्हैस निघाली बाजारी..."

पुढच्या रांगा हसल्या. दुष्टपणानं नाही, लहान मुलांना हसतात तसं. आणि मागून सतरंजीवरून मंगलनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, पोरीचं वाचून संपलं. तिचं बघून भेस्तानच्या चार बायकांनीही वाजवल्या.

हंसाबेन उठून म्हणाल्या, "बेन, बीजी चोपडी वंचावो ने. दूसरी किताब." कुणीतरी माझ्या बाकीच्या सोळा पुस्तकांतलं एक पुढे केलं. दिव्याच्या हातात दिलं. दाणींनी वेळ सावरायला माझ्याकडून माइक घेतला आणि लहान मुलं कशी गोंधळतात यावर बोलू लागले. त्या बोलण्याच्या आडून मला दिव्याचा आवाज येत होता. बोट ठेवून, थांबून, मागे येऊन ती म्हणत होती, "घ... र. घर. घरा... त." बोट अगदी बरोबर चाललं होतं. त्या सभागृहात त्या दिवशी वाचली गेलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती मी एकटीनं ऐकली. माइक परत मागून मी ते सांगू शकले असते. मी सत्काराची शाल घ्यायला पुढे झाले.

भेस्तान आणि कतारगाम, सोमवार

सकाळी मी एकटीच रिक्षानं भेस्तानला गेले. सविता भिंतीवरचे अक्षरतक्ते काढत होती. चिकटपट्टीचे तुकडे नखानं खरडून एका वाटीत टाकत होती, भिंत घरमालकाची म्हणून.

"फोन आला?" मी विचारलं.

"कालच आला. उद्यापासून मशिनी येतात म्हने."

"सविता, अगं सवयीनं..."

"खोटं काई नाई केलं तुमी मॅडम. तिले येत नव्हतं, तुमी दाखवलं." ती तक्त्याची सुरळी करत राहिली. तिनं सुरळीला दोरा बांधला. मग म्हणाली, "तवा वाडीवर माह्या चित्रावर हात ठेवला असता तर बरं होतं. मी बी धुनीभांडी केली असती चार घरची. हे लेकरं जमा केले नसते."

मी जिन्याकडे वळले. खाली उतरले तर गल्लीत मंगल दारात बसलेली. शेजारी दिव्या, मांडीवर साडी, बोटाच्या टोकानं एकेक टिक्की उचलून गोंदावर ठेवत होती. तिनं मान वर केली नाही. मंगलनं मात्र ओढून बसवलं, पाण्याचा तांब्या दिला.

"बाई, पोरीनं किती मोठ्यानं म्हटलं नं! लोक बी लई खुश झाले, हासले."

"हो," मी म्हटलं. "छान म्हटलं."

"हे म्हनते, आता नाई जात. म्या म्हटलं कामून, तर बोलत नाई. तुमी सांगा नं तिले."

मी दिव्याला म्हटलं, "काल तू 'घर' वाचलंस. अगदी बरोबर. मी ऐकलं." तिनं एक टिक्की उचलली, जागेवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. मग दुसरी उचलली. मी पाणी पिऊन उठले.

दुपारी कतारगामला ट्रस्टच्या कार्यालयात. जुना भाग, अरुंद जिने, प्रत्येक मजल्यावर हिऱ्यांचे कारखाने, घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, वाकून बसलेली माणसं. हंसाबेननी उठून स्वागत केलं. "बेसो, बेसो. चा पीशो ने?" मी ठरवून गेले होते. दिव्या दोन महिन्यांत किती शिकली, तिनं तो शब्द कसा वाचला, मुलं गावी का जातात, सगळं हिंदीत सांगितलं. वर्ग बंद करू नका म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट बाई नाहीत त्या.

"तमे साचुं कर्युं, बेन," त्या म्हणाल्या, म्हणजे मी योग्य केलं. "इतने साल से हम देखते हैं, बच्चा खडा होता है, पढता है, हम ताली बजाते हैं. किसी ने हाथ नहीं रखा. आपने रखा. ऐसे ईमानदार लोग कहाँ मिलते हैं?" भेस्तानची खोली आता दिली गेली, शिलाईच्या बाईंना शब्द दिला होता. पण कामरेजला बांधकाम मजुरांच्या मुलांचा त्यांचा दुसरा वर्ग होता. तो मी तपासावा, आणि पुढेही वर्षातून दोनदा येऊन सगळे वर्ग तपासावेत, अशी त्यांची इच्छा होती. गाडी पाठवू म्हणाल्या.

मी हो म्हटलं. एक मन सांगत होतं, हिची मर्जी राहिली तर भेस्तानचं पुन्हा काढता येईल. दुसऱ्या मनाला नुसतं बरं वाटलं होतं. फार दिवसांनी कुणीतरी मला पुस्तकाबद्दल नाही, शिकवण्याबद्दल मान देत होतं. कोणतं मन मोठं होतं हे मी ओळखून आहे. घारीचा डबा त्यांनीच दिला.

कामरेज, मंगळवार

कामरेज हमरस्त्यावरचं गाव. एका बाजूला ट्रक, गॅरेज, ढाबे, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मध्ये अर्धवट उभ्या इमारती. अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर वर्ग होता. भिंतींना प्लास्टर नव्हतं, पण फरशी धुऊन काढलेली, दारात रांगोळी, मुलांचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. शिकवणाऱ्या बाई रेखा, वाशिमकडच्या, पंचविशीतल्या. हातात नारळ घेऊन उभ्या होत्या.

"हंसाबेनचा फोन आला होता काल, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशी परीक्षा घेता ते सांगितलं त्यांनी. आम्ही सगळी तयारी केली आहे."

पहिल्या रांगेतल्या मुलीला त्यांनी उभं केलं. पाच-सहा वर्षांची असेल, पुढचे दोन दात पडलेले. तिच्या हातात 'म्हशीची छत्री'. तिनं ते उघडलं. पहिल्या पानावर वरच्या अर्ध्या भागात तपकिरी कागद चिकटवला होता, कडा नीट कापलेल्या. दुसऱ्या पानावरही. मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पानं उलटली. सोळाच्या सोळा पानांवर खाकी कागद, खळ अजून ओली. बाजारातली म्हैस, भाड्याची छत्री, ओढा, गाडा, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी रेखाबाईंच्या टेबलावरचा गठ्ठा पाहिला. वर्गातल्या सगळ्या प्रती तशाच होत्या. बाकीच्या गोष्टींची पुस्तकंही.

"तुम्हाला हात ठेवायचा त्रास नको," रेखाबाई म्हणाल्या. "आणि मॅडम, तुमचं बरोबरच आहे. चित्रं असली की लेकरं नुसती चित्रंच बघतात."

मुलीनं वाचायला सुरुवात केली. वाचत होती की म्हणत होती, ते मी बघितलं नाही. म्हणता म्हणता तिच्या डाव्या हाताचं नख कागदाच्या ओल्या कोपऱ्यात शिरलं आणि कोपरा थोडासा वर आला. खाली म्हशीचं एक शिंग दिसलं. मुलीनं मान वाकडी करून आत बघायचा प्रयत्न केला. रेखाबाईंनी तिच्या हातावर चापट मारली, कोपरा पुन्हा दाबून बसवला आणि तपासणीची वही माझ्यासमोर उघडून धरली.

मी लिहिलं, "काम समाधानकारक," आणि खाली सही केली.